कडूबाई आणि कुंडीतलं डाळिंब

कडूबाईचं नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस जरा बिचकतोच. नगरच्या सावेडीत तर फारच. शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी एकदा गेटावरून विचारलंच, "आजी, एवढ्या गोड बोलता, मग नाव कडू का हो?"

"माज्या आधीची तीन गेली," कडूबाई म्हणाली. "चौथी मी. मरनाला वाटावं ही कडू हाय, तोंडात घिऊन बी थुंकून द्यावी, म्हनून बापानं ठिवलं. आन् बगा, अडुसष्ट वर्सं झाली, अजून थुंकतंच हाय."

बाई हसल्या आणि लगबगीनं आत गेल्या. मरणाची गोष्ट हसत सांगणाऱ्या बाईशी पुढे काय बोलायचं, हे शहरातल्या माणसाला पटकन सुचत नाही.

कडूबाई मूळची मिरजगावच्या शिवारातली. चौतीस वर्षांची असताना नवरा गेला. पदरी सात वर्षांचा योगेश आणि दोन एकर डाळिंबाची बाग. भावकी म्हणाली, बाई माणसाला बाग झेपायची नाही, ज्वारी पेर आणि गप बस. तिनं ज्वारी पेरली नाही आणि गपही बसली नाही. शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, सही करायची तर जीभ बाहेर यायची, पण झाड वाचायला ती शिकली. त्यातही ताण द्यावा तर कडूबाईनंच.

हे ताण देणं म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. डाळिंबाला बारा महिने पाणी पाजत राहिलं की ते माजतं. पानं काढतं, शेंडे काढतं, फळाचं नाव काढत नाही. म्हणून उन्हाळ्यात महिना-दीड महिना त्याचं पाणी तोडायचं. मग झाड घाबरतं. त्याला वाटतं आपलं आता काही खरं नाही, जायच्या आधी पोरंबाळं तरी मागं ठेवावीत. ते आपलं आपण पानं गाळून मोकळं होतं. मग मृगाच्या तोंडाला पाणी सोडलं, की अंगभर लाल फुलं. पण कुठवर ताणायचं आणि कुठं थांबायचं, ह्यात सगळी मेख. कमी पडलं तर फुलं नाहीत, जास्त झालं तर झाड नाही. कडूबाई झाडाखाली जायची, दोन पानं हातात चुरगळायची, वास घ्यायची आणि सांगायची, "अजून आठ दिस." चार-चार हजार झाडं असलेले बागायतदार मोटारसायकल बांधाला लावून तिला विचारायला यायचे. येताना वाकडं तोंड करून यायचे, पण यायचे.

पुढे त्या भागात तेल्या रोग आला. फळावर काळे ठिपके पडायचे आणि तडकून ती खाली यायची. कडूबाईनं दोन वर्षं झुंज दिली, तिसऱ्या वर्षी उभी बाग काढावी लागली. तोवर गुडघेही गेले होते. योगेश इकडे एमआयडीसीत कंपनीत लागलेला, सावेडीत त्यानं दोन खोल्या वर, दोन खाली असं घर घेतलेलं. तो आईला घेऊन आला.

सावेडीत तिला कमी काही नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच. सून स्नेहल शाळेत शिक्षिका, स्वभावानं चांगली. पण मिक्सरला हात लावला की, "आत्या, राहू द्या, मी करते." कपडे वाळत घालायला उठावं तर, "आत्या, राहू द्या." ते चांगल्या मनानंच असायचं, पण दिवसातून वीस वेळा ऐकलं की माणूस आपोआप खुर्चीवर ठेवलेलं गाठोडं होतं.

गुडघे सांभाळत ती पहिल्यांदा गच्चीवर गेली, तेव्हा हिरव्या शेडनेटखाली चौदा झाडं बघून थबकलीच. वड, उंबर, चिंच, बोगनवेल. सगळी वीतभर-हातभर, परातीएवढ्या उथळ कुंड्यांमध्ये उभी. कुणाच्या फांदीला तार गुंडाळलेली, कुणाला दोरीनं खाली ओढलेलं.

"स्नेहल, ह्यो वड केवढ्या वर्साचा म्हनलीस?"

"बारा वर्षांचा आहे आत्या."

"बारा वर्सात वितभर? अगं उपाशी मारतीस का काय त्याला? आन् ह्या चिंचंच्या हातापायाला बेड्या कशापायी? हिनं काय दरोडा घातला?"

"ह्याला बोन्साय म्हणतात," स्नेहल हसून म्हणाली. "उपाशी नाही ठेवत. उलट लेकरापेक्षा जास्त करावं लागतं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी, सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. एक दिवस चुकला तरी संपलं."

कडूबाईला ते काही पटलं नाही. झाड म्हणजे आभाळाखाली वाढावं, पाखरं बसावीत, खाली गुरं टेकावीत. पण एका कुंडीपुढं ती थांबली, ती थांबलीच. डाळिंब होतं. खोड मनगटाएवढं जाड, पिळलेलं, जुन्या बागेतलं म्हातारं झाड असावं तसं. उंची मात्र दीड हात. उजवीकडची एक फांदी लांब जाऊन खाली झुकली होती, विहिरीत वाकून बघणाऱ्या बाईसारखी.

"हे माझं सगळ्यात जुनं," स्नेहल म्हणाली. "कॉलेजात असताना लावलं. लग्नात टेम्पोत फ्रिजच्या शेजारी बसून आलं. सोळा वर्षं झाली. दर वर्षी चार फुलं येतात आणि गळून जातात. आत्या, मला एकच फळ बघायचंय ह्याला. एकच. लिंबाएवढं असलं तरी चालेल."

कडूबाईनं झाडाकडे पुन्हा एकदा बघितलं. स्नेहलचं म्हणणं तिनं ऐकून घेतलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्नेहलची आई घरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, संगमनेरला ऑपरेशन ठरलं. स्नेहलला तीन आठवडे जाणं भाग होतं. योगेशच्या कंपनीत शिफ्ट, त्याला स्वतःच्या पाण्याची बाटली भरायची आठवण नसते. बॅग भरता भरता स्नेहल एकदा गच्चीकडे बघायची, एकदा सासूकडे.

"आत्या, कराल का? जिने चढवतील का तुम्हाला?"

"न चढायला काय झालं? बसून बसून चढंन."

स्नेहलनं सगळं नीट समजावलं. सकाळी सातच्या आत एकदा पाणी, संध्याकाळी सहानंतर एकदा. भर दुपारी घालायचं नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चहाएवढं तापतं, म्हणून बादल्या भरून सावलीत ठेवायच्या आणि तेच गार पाणी वापरायचं. कुंड्या फरशीवर टेकवायच्या नाहीत, खाली विटा हव्यात, नाहीतर फरशी मुळं भाजते. कुंड्यांभोवतीचं गोणपाट ओलं ठेवायचं. खत नको, छाटणी नको. लिहून देऊन उपयोग नव्हता, म्हणून तिनं हे सगळं मोबाईलवर बोलून सासूच्या फोनवर पाठवलं आणि कुठं दाबलं की ऐकू येतं, ते दाखवलं.

पहिला आठवडा कडूबाईनं असा केला, की स्नेहलनंही केला नसता. पहाटे उठून एकेक पायरी बसत-उठत वर जायची. फोन कठड्यावर ठेवून स्नेहलचं बोलणं लावायची, आणि फोनमधली स्नेहल म्हणेल तसं करायची. "आता गोणपाट ओलं करा," असं फोन म्हणाला की, "केलं बाई, केलं, दम धर," असं त्यालाच उत्तर द्यायची. कुंड्यांच्या काठाला बोअरच्या पाण्याचा पांढरा खार चढला होता, तो तिनं नारळाच्या शेंडीनं घासून काढला. खाली येताना गुडघे ठणकायचे, पण घरात शिरताना ती गाठोडं नसायची. रोज संध्याकाळी संगमनेरहून आवाज यायचा, "आत्या, वड कसा आहे? चिंचेची पानं मिटतात ना रात्री?" आणि कडूबाई बटण दाबून धरून तोंड फोनला लावून ओरडायची, "हाय! बरं हाय समदं!"

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती डाळिंबासमोर विटेवर बसली होती. हिरवंगार होतं झाड. कोवळे लाल शेंडे फुटलेले. आणि कडूबाईच्या मनात आलं, अरे, हे तर माजलंय.

सोळा वर्षं फळ का धरत नाही? दोनदा पाणी, बाराही महिने. कशाला घाबरेल ते? कशाला पोरंबाळं मागं ठेवंल? मिरजगावात हे शेंबडं पोरही सांगेल. स्नेहलला बिचारीला कोण सांगणार, ती पुस्तकातून शिकली. वैशाख चालू होता, म्हणजे ताण द्यायची हीच वेळ. ती मृगाआधी परत येईल, तोवर झाड पानं गाळून, पाणी पिऊन नव्यानं फुटायला लागलेलं असेल. मग पंधरा दिवसांत फुलं बघ म्हणावं.

तिनं आपल्या परीनं विचारही केला. बागेतल्या झाडाला चाळीस दिवस, तर ह्या दीड हाताला चाळीस नकोत. लेकराला लेकराच्या मापानं. चार दिवस पुरेत.

त्या दिवशी तेरा झाडांना पाणी मिळालं.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी कोवळे शेंडे माना टाकून बसले. "घाबरलं," कडूबाई म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी नगरचा पारा बेचाळिसाच्या वर गेला. दुपारी अशी झळ वाहायला लागली, की दाराची कडी हाताला चटका देत होती. त्या संध्याकाळी वर जाऊन तिनं बाकीच्यांना पाणी दिलं. डाळिंबापुढं आली तेव्हा हातात तांब्या होता. क्षणभर तिचा हात पुढं झाला, मग तिनं स्वतःलाच दटावलं. बागेतही असंच व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात दया यायची, आणि ज्यानं दया केली त्याचं पीक जायचं. ती खाली आली.

चौथ्या दिवशी सकाळी ती वर गेली आणि तिथंच विटेवर बसली.

पानं वाळली होती. वाळायलाच पाहिजे होती. पण खाली एकही पडलं नव्हतं. सगळी फांदीला तशीच चिकटून होती, कुरकुरीत, करड्या रंगाची. तिनं एक पान ओढलं, तर ते देठासकट तुटेना, बोटात भुगा झाला.

दुसऱ्या कुणाला ह्यातलं काही कळलं नसतं. कडूबाईला एका नजरेत कळलं. ताण बरोबर बसला की झाड आपल्या हातानं पानं सोडून देतं. सोडायला जीव लागतो. पान वाळून जागच्या जागी लटकलं, म्हणजे सोडायच्या आधीच फांदीतला जीव गेला.

तिनं तांब्याभर पाणी घातलं. पाणी लगेच खालच्या भोकातून बाहेर आलं. दुसरा तांब्या, तोही गेला. भरपूर प्यायलं, असं वाटून तिला जरा धीर आला. ताण सोडताना बागेत पाण्याबरोबर खत देतात, म्हणून तिनं कोपऱ्यातल्या पोत्यातलं मूठभर शेणखतही उचललं. मग मूठ तशीच राहिली. जिवंत पानंच नाहीत, तर खाणार कोण? तिनं खत परत पोत्यात टाकलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, खोडाजवळ मातीत बोट घातलं.

बोट दोन पेरं गेलं. माती कोरडी ठक्क. पीठ असावं तशी.

मातीचा अख्खा गड्डा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटला होता. घातलेलं पाणी त्या फटीतून कडेकडेनं खाली पळत होतं आणि मधल्या मुळाला त्याचा पत्ताच नव्हता. दोन तांबे ओतून झाले होते आणि झाडाच्या तोंडात थेंब गेला नव्हता.

मग तिनं कपडे भिजवायचा मोठा टब ओढत आणला, सावलीतल्या तीन बादल्या त्यात रिकाम्या केल्या आणि अख्खी कुंडी उचलून काठापर्यंत पाण्यात बसवली. कुंडी जड होती, गुडघे बोलले, पण त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. मातीतून बुडबुडे यायला लागले. बारीक बारीक, खूप वेळ. कडूबाई ते बुडबुडे बघत बसली. शेवटचा आला आणि पाणी शांत झालं, तेव्हा ऊन कठड्यावर आलं होतं.

दुपारी योगेश शिफ्टवरून आला. आई जेवली नाही, हे त्याला ताटावरून कळलं. तो वर जाऊन आला.

"आये, गेलं का गं ते?"

"म्हाईत न्हाई."

"असू दे. ऊन केवढं हाय! तिला सांगू, उन्हानं गेलं. तिला बी म्हाईतीय इथलं ऊन."

कडूबाईनं त्याच्याकडे बघितलं. हे वाक्य सकाळपासून तिच्याही मनात दहा वेळा येऊन गेलं होतं. फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर किती हलकं आहे ते कळलं.

संध्याकाळी फोन वाजला. स्नेहलचा आवाज, "आत्या, डाळिंबाचा फोटो पाठवायला सांगा ना ह्यांना. आईला दाखवायचाय."

कडूबाई काही बोलायच्या आत योगेशनं फोन हातात घेतला, काहीतरी वर-खाली सरकवलं आणि म्हणाला, "झालं. पाठवला."

"कंचा?"

"एप्रिलमदला. हिरवागार."

दोन मिनिटांत उत्तर आलं. योगेशनं लावलं. स्नेहलचा आवाज खोलीभर झाला, "आत्या! केवढं सुंदर ठेवलंय हो! आई म्हणते, तुझ्या सासूच्या हाताला गुण आहे. मी तर म्हणते, मी उगीच काळजी करत बसले."

"बगितलंस?" योगेश म्हणाला. "तिकडं ती खूश, हिकडं आपन. इल तवा बगू."

"योग्या," कडूबाई म्हणाली, "तुज्या बापाचं आन् माजं बारा वर्सं भांडान झालं, पर त्यानं कदी मेलेल्या झाडाला जितं म्हनून दाकीवलं न्हाई."

"आये, मी तुज्यासाठीच केलं की."

"तेच म्हंते मी. माज्यासाठी केलंस."

तिला स्नेहलच्या रागाची भीती वाटत नव्हती असं नाही. चांगली वाटत होती. सून चांगली होती, पण सून होती. आज दहा वर्षांत पहिल्यांदा तिनं सासूला काहीतरी करायला सांगितलं होतं. हे कळलं की परत "आत्या, राहू द्या" सुरू होणार, आणि ह्या वेळी ते चांगल्या मनानं नसणार. उन्हावर ढकललं तर गच्ची हातात राहणार होती. खरं सांगितलं तर जाणार होती. हिशोब सरळ होता, आणि तोच तिला रात्रभर कुशी बदलायला लावत होता. पण तो एक आवाज, "हाताला गुण आहे," कानातून जाईना. तीस वर्षं लोक हेच म्हणत आले होते, आणि ते खरं होतं म्हणून ऐकायला गोड लागायचं.

सकाळी पाणी घालून झाल्यावर तिनं गच्चीवरच बटण दाबून धरलं. ह्या वेळी ओरडली नाही.

"स्नेहल, मी बोलतीया. कालचा फोटू जुना हाय. डाळिंब वाळलंय. उन्हानं न्हाई. मी वाळवलं. त्याला ताण दिला, चार दिस पानी तोडलं, मुद्दाम. तुला फळ दावावं म्हनून. मला वाटलं डाळिंबातलं मला कळतंय. ते बागेतलं कळत हुतं. फोटूचं योग्याला बोलू नगंस. बाकीची तेरा बरी हायेत. एवढंच." बोट उचललं, आणि निरोप गेला.

योगेशनं तिला सांगून ठेवलं होतं, दोन रेघा निळ्या झाल्या की समजायचं ऐकलं. दहा वाजता रेघा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. दुपार झाली, नाही. संध्याकाळी तेरा झाडांना पाणी घालताना फोन कठड्यावरच होता, तो गप्पच. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला.

"कुंडी पाण्यात बुडवली होती का?"

"व्हय. बुडबुडे थांबस्तवर."

थोड्या वेळानं, "सावलीत ठेवा. पानं नाहीत तोवर रोज पाणी नको, मुळं कुजतील. खत घालू नका. काही कापू नका."

चार वाक्यं होती आणि एकातही "आत्या" नव्हतं. कडूबाईनं ते मोजलं, आणि सांगितलं होतं तसं केलं.

मे संपता संपता स्नेहल आली. खांद्यावरची पर्स न काढता थेट वर गेली. कडूबाई मागून एकेक पायरी चढत पोचली, तेव्हा ती डाळिंबापुढं उकिडवी बसली होती. अंगठ्याच्या नखानं तिनं झुकलेल्या फांदीची साल हलकेच खरवडली. आत तपकिरी. जरा मागे सरकून खरवडली, तपकिरी. शेंड्याला, तपकिरी. मग खोडाला, अगदी खाली, बुंध्यापाशी. तिथं नखाखाली हिरवी रेघ उमटली.

तेवढ्याच जिवंत सालीवर तिनं बोट ठेवलं, मग झुकलेल्या फांदीवर.

"ही फांदी खाली आणायला दहा वर्षं लागली मला," ती म्हणाली. "दर वर्षी बोटभर."

कडूबाईचं सांगायचं ते फोनवर सांगून झालं होतं. आता बोलली असती, तर ती सबब झाली असती.

"आत्या, बागेतल्या झाडाचं पाणी तोडलं तर ते मुळं खाली पाठवतं ना? ओल शोधायला?"

"व्हय. पुरुसभर खोल जात्यात."

"ह्यानं कुठं पाठवायची? चार बोटांवर कुंडीचा तळ आहे."

"व्हय," कडूबाई म्हणाली. "तेच मला दिसलं न्हाई. खोड बगितलं आन् वाटलं, जुनं झाड हाय, सोसंल. बुड बगायचं ऱ्हायलं."

स्नेहल डोळे पुसत खाली गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं कडूबाईला वाटलं. भांडण एका बाजूनं सुरू होतं आणि दुसऱ्या बाजूनं संपतं. इथं नुसतं वाढलेलं ताट यायचं, गोळीची आठवण व्हायची, पाण्याचा पेला यायचा. सगळं वेळच्या वेळी. सकाळ-संध्याकाळ जिन्यात स्नेहलची पावलं वर जाताना ऐकू यायची, आणि कडूबाई खुर्चीवर बसून ती मोजायची. गुडघे दुखतात, असं तिनं आपणहूनच सांगून टाकलं होतं, म्हणजे कुणाला काही म्हणायला नको. योगेशनं एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला. "अगं, आईनं चांगल्यासाठीच..." एवढंच म्हणाला, तर दोघींनी एकदमच त्याला, "तू गप बस," म्हटलं. गेल्या आठ दिवसांत त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

जून उजाडला. मृग लागला तरी आभाळ कोरडंच होतं. शाळा सुरू झाली. एका सकाळी स्नेहल वर गेली आणि खाली यायच्या वेळेला आलीच नाही. मग जिन्यावरून हाक आली.

"आत्या, वर येता का जरा?"

कडूबाई उठली. किती पायऱ्या आहेत ते गुडघ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी त्यांनी मोजल्या नाहीत.

स्नेहल शाळेच्या साडीत, हातात स्कूटरची किल्ली, डाळिंबापुढं वाकून उभी होती. झुकलेली फांदी वाळून कोळ झाली होती, वरचा शेंडाही. पण बुंध्यापासून वीतभर उंचीपर्यंत सालीतून लाल ठिपके बाहेर आले होते. तांदळाच्या कणीएवढे. कडूबाईनं डोळ्यांवर हात धरून मोजले. सात.

"आत्या, ह्यातले किती ठेवायचे?" स्नेहलनं विचारलं. "सगळे ठेवले तर गर्दी होईल. आत्ताच खुडू की वाढू देऊ?"

कडूबाईच्या ओठावर उत्तर आलं होतं. बागेत छाटणीनंतर ती हजार झाडांना हेच सांगत फिरली होती. "चार ठिव, चार दिशंला..." तिनं सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"न्हाई. थांब. हे मी बागेतलं सांगतीया. तुज्या कुंडीचं तू सांग."

"मला नाही माहीत," स्नेहल म्हणाली. "माझं एवढं कुठलं कधी वाळलंच नव्हतं."

दोघी डाळिंबाकडे बघत उभ्या राहिल्या. खालून दुधाच्या गाडीचा आवाज आला. एक मुंगी बुंध्यावरून चढत त्या सातातल्या एका ठिपक्याशी थांबली, तिथं वळसा घालून पुढे गेली.

"मंग आठ दिस काडू नगंस एक बी," कडूबाई सावकाश म्हणाली. "त्यालाच ठरवू दे. जे कमजोर असंल ते मागं पडंल. आन् जे ऱ्हातील, त्यातलं एकांदं तुला खाली वळवायचं असंल तर..."

"दहा वर्षं लागतील."

"मला वेळ हाय," कडूबाई म्हणाली.

स्नेहलच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणण्याएवढं नव्हतं. तिनं घड्याळ बघितलं, पदर खोचला आणि घाईनं जिन्याकडे वळली. चार पायऱ्या उतरल्यावर तिचा आवाज आला.

"आत्या, मला आज मीटिंग आहे, यायला उशीर होईल. संध्याकाळचं पाणी तुम्ही घाला."

"डाळिंबाला बी?"

पावलं थांबली. पुरती थांबली. मग, "त्याला आधी बोट घालून बघा. ओलं असेल तर नाही. कोरडं असेल तरच."

"बरं."

स्कूटर सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन आवाज विरला. कडूबाई विटेवर बसली. संध्याकाळला अजून दहा तास होते, आणि स्नेहलनं तासाभरापूर्वीच पाणी घातलं होतं, कुंडीखालची वीट अजून ओली होती. तरी तिनं खोडाजवळ बोट घातलं. माती ओली लागली. मग कुंडी जराशी फिरवली आणि दुसऱ्या बाजूनंही एकदा बघून घेतलं.